अव्वाची गार जागा

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी गार हवा एकाच जागी मिळायची, ती म्हणजे अंगणातल्या कडुलिंबाखाली उभ्या केलेल्या गाडीत. घर लातुरात, डाळ मिलांच्या बाजूला, वर सिमेंटचा स्लॅब. सकाळी दहा वाजायच्या आत तो स्लॅब तापायचा आणि रात्रीपर्यंत निवायचं नाव घ्यायचा नाही. कूलर होता, पण दुपारभर लोडशेडिंग. पलीकडच्या मिलची घरघर एकाएकी थांबली की वीज गेली हे सगळ्या गल्लीला कळायचं, घड्याळ बघावं लागायचं नाही. वीज असली तरी कूलरमध्ये ओतायला पाणी कुठलं? टँकरचं पाणी पिण्याला पुरवून वापरायचं, आणि कूलरला पाणी घालणारं घर म्हणजे माजलेलं घर असं बायका म्हणायच्या. मिल थांबली की इतकी शांतता व्हायची की शेजारच्या घरात कुणी भाकरी थापतंय तेही ऐकू यायचं. आणि त्या शांततेत आमच्या अंगणातून गाडीच्या इंजिनचा एकसारखा आवाज यायचा. आत अव्वा बसलेली असायची.

अव्वा म्हणजे माझी आई. माहेर उदगीरकडचं, कानडी वळणाचं, त्यामुळे आई, मम्मी असलं काही आमच्याकडे नव्हतं. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिससाठी अप्पा, म्हणजे माझे वडील, तिला गाडीनं नांदेडला नेत. पहाटे निघायचं, लोहा, कंधारचा फाटा मागं टाकत पोचायचं, आणि संध्याकाळी परत. काही महिने असे गेले. मग एका खेपेला तिनंच दवाखान्याच्या पायरीवर बसून सांगितलं की आता मला इथं आणायचं नाही. डॉक्टर अप्पांशी बोलले, अप्पा तिच्याशी बोलले, ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "घरी चला." त्या दिवशी परत येताना अहमदपूरच्या अलीकडे तिला डोळा लागला. कित्येक रात्री ती झोपली नव्हती. अंगाची आग आग व्हायची, खाजवून खाजवून दंडाची कातडी सोलली होती. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून बसूनच रात्र काढायची. आणि गाडीत, एसीच्या हवेत, ती लहान मुलासारखी तोंड उघडं टाकून झोपली. घरी पोचल्यावर अप्पांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं तशी ती जागी झाली आणि म्हणाली, "बंद नका करू."

अप्पांनी किल्ली पुन्हा फिरवली. तेव्हापासून गाडी कडुलिंबाखालीच राहिली आणि रोज जेवण झाल्यावर उन्हं उतरेपर्यंत चालू राहिली. गाडी पांढरी, एका डॉक्टरकडून जुनी घेतलेली. अप्पांची आडत होती, हंगामात तूर बघायला खेड्यापाड्यांत हिंडावं लागे, त्यासाठी घेतली होती. गल्लीतली एसीची पहिलीच गाडी. आधी अप्पा स्वतः एसी लावत नसत, पेट्रोल खातो म्हणून. आता गाडी जागच्या जागी उभी राहून पेट्रोल पीत होती आणि ते काही बोलत नव्हते. गल्लीतले लोक बोलायचे. बायकोला हवा खायला गाडी चालू ठेवतोय, म्हणायचे. अप्पांच्या कानावर जायचं. ते गाडीतून कॅन काढायचे आणि पेट्रोल आणायला निघून जायचे.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, म्हणजे नावापुरती होते. दोघी बहिणी लग्न होऊन गेलेल्या, त्यामुळे अव्वाचं सगळं माझ्याकडे. मला कुणी विचारतं, त्या दिवसांत तुला काय वाटायचं गं? खरं सांगायचं तर काहीच वाटायचं नाही. सकाळी उठायचं, तिचे दंड ओल्या फडक्यानं पुसायचे, खोबरेल लावायचं, बिनमिठाचं वरण आणि मऊ भात करायचा, पाणी मापून द्यायचं. तिला मीठ बंद झालं तसं अप्पांनीही सोडलं. कुणाला सांगितलं नाही, फक्त ताटातली चटणी बाजूला सारायला लागले. मला ते जमेना. मी सैपाकघरात उभ्यानं भाकरीबरोबर लोणचं खाऊन घ्यायची आणि चूळ भरून गाडीत तिच्याशेजारी जाऊन बसायची. एकदा तिनं डोळे न उघडता विचारलं, "लोणचं कैरीचं हाय का लिंबाचं?" मी म्हटलं, कसलं लोणचं? तर म्हणाली, "बंद गाडीत वास लपतो व्हय, मंगे? खात जा. तुला कुठं मना हाय." त्यावर आम्ही दोघी हसलो. हसताना माझ्या मनात काही नव्हतं, नुसतं तोंड हसत होतं, हेही मला आठवतं.

आणि ऐन मे महिन्यात एसी बिघडला.

आधी तिलाच कळलं. ती म्हणाली, "हवा गार हाय, पर येऊनच नाही राहिली." अप्पांनी जाळीपुढं हात धरला. पंख्याचा आवाज मोठा आणि हवा मात्र आजारी माणसानं फुंकर घालावी तेवढी. काच उघडावी लागली आणि बाहेरचा फुफाटा आत आला. त्या दुपारी ती झोपली नाही. संध्याकाळी दंडातून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी अप्पा नांदेड रोडच्या गॅरेजला गाडी घेऊन गेले. तिथल्या मेस्त्रीनं गॅस कमी झालाय म्हणून गॅस भरून दिला. गॅरेजमध्ये मस्त गार हवा येत होती म्हणे, अप्पा खुशीत परतले. घरी तासाभरात पुन्हा तेच. रोग रेड्याला अन् औषध पखालीला. पुन्हा जायचं तर गाडी एक दिवस सोडावी लागणार, आणि एक दिवस सोडायची म्हणजे अव्वाची एक दुपार जायची. किती दुपारी उरल्यात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण उतरत्या आहेत हे तिघांनाही ठाऊक होतं. अप्पा म्हणाले, "घरीच बगू. मंगल, पाने आण."

आज हे सगळं सोपं झालंय. मी आता नांदेडला राहते, तिथं आमच्या सोसायटीतला एक पोरगा परवा मोबाइलवर व्हिडिओ लावून खाली पार्किंगमध्ये गाडीचा एसी दुरुस्त करत होता. दहा मिनिटांत त्यानं डाव्या सीटपुढच्या कप्प्याच्या मागून एक कागदी जाळी ओढून काढली, झटकली, परत बसवली. मी भाजी घेऊन येत होते, ती तिथंच उभी राहिले. "काकू, काय झालं?" त्यानं विचारलं. काही नाही म्हटलं. आमच्या गाडीला असली जाळी नव्हती आणि आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं.

अप्पांनी बॉनेट उघडलं. अव्वाला आम्ही कडुलिंबाखाली बाजेवर तक्क्याला टेकवून बसवलं होतं, डोक्यावर ओला पंचा. अप्पांना गाडीतलं फारसं कळत नव्हतं, पण उभा जन्म त्यांनी पोत्यात हात घालून माल ओळखण्यात काढला होता. बोलीवर विश्वास ठेवायचा नाही, हातावर ठेवायचा, असं ते म्हणत. तसेच ते गाडीतही हात घालत गेले. पट्टा दाबून बघितला, ताठ होता. मला आत बसवून एसीचं बटण दाबायला लावलं. पुढं खट् असा आवाज झाला, म्हणजे कॉम्प्रेसर लागला. एक नळी गरम, दुसरी इतकी गार की तिच्यावर पाण्याचे थेंब धरलेले. "थंडावा तर तयार होऊन राहिला," ते म्हणाले, "मग आतमधी कामून नाही येत?"

मी म्हटलं, सुरुवातीला येतो, मग कमी होतो. बंद करून अर्ध्या तासानं लावला की पुन्हा जरा वेळ येतो. हे मला माहीत होतं कारण रोज मीच तिथं बसत होते. बाजेवरून अव्वा म्हणाली, "फ्रीजसारखं व्हतंय का बगा. बर्फ धरलं की आपला फ्रीज गार करायचा थांबतो नव्हं." अप्पांनी तिच्याकडं बघितलं. ती पुढं म्हणाली, "आनि वास येतो. ओल्या पाल्याचा. कालपासून सांगून राहिले, कुणी ध्यानच देईना."

खरंच, ती सांगत होती. तिला आजकाल सगळ्याचाच वास येतो म्हणून आम्ही मनावर घेतलं नव्हतं. अप्पा डाव्या सीटपुढं पाय दुमडून बसले आणि कप्प्याच्या खाली डोकं घातलं. तिथं पंख्याचा गोल डबा असतो. त्याच्या फटीतून काही दिसेना. तसे ते उठून घरात गेले आणि पोत्यात खुपसून नमुना काढायची लोखंडी नळी घेऊन आले. आडतीवर ती त्यांच्या हातात चोवीस तास असायची. टोकदार, एका बाजूनं उघडी. पोत्याच्या पोटात खुपसली की तळातली तूर वर येते, वरचा माल दाखवून फसवायची सोय नाही. मी ओरडलेच. "अप्पा, आतल्या गार नळ्यांना भोक पडंल!" "पंख्याच्या बाजूनंच घालतो," म्हणाले, आणि जपून, कानात काडी घालावी तशी, त्यांनी ती नळी फटीतून आत सरकवली, फिरवली, बाहेर काढली आणि सवयीनं तळहातावर ओतली.

तुरीसारखं त्यांनी ते बोटानं पसरलं. वास घेतला. वाळलेला, चुरा झालेला पाला. त्यात एक पान तेवढं अख्खं राहिलं होतं, तीन दलांचं. बेल.

आता हे सांगायला हवं. दर सोमवारी अव्वा आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, महादेवाच्या देवळामागच्या झाडाचा बेल घेऊन यायची. देवाचं झालं की गाडीची पाळी. बॉनेटवर तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढायची आणि पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरजवळच्या खाचेत, बेलाची पानं ठेवायची. गाडीचं कपाळ म्हणायची त्याला. अप्पा सोमवारीच लांबच्या गावांना जायचे. परत आले की बेल तिथं नसायचा. निर्माल्य पायदळी पडू नये याचा तिला फार धाक, म्हणून पहिल्यांदा ती धावत जाऊन रस्त्यावर, चाकांजवळ शोधून आली. एक पान सापडलं नाही. पुढच्या सोमवारीही नाही. मग तिची खात्री झाली. महादेव घेतो. गल्लीतल्या बायकांना तिनं हे सांगितलं होतं, देवळातल्या जंगमस्वामींना सांगितलं होतं, उदगीरला माहेरी जाऊन सांगितलं होतं. ती मोठ्या भक्तीची बाई होती, पण देवाकडून तिला असा रोकडा जबाब त्या एकाच ठिकाणी मिळत होता. आणि तो बेल काचेखालच्या जाळीतून हवेबरोबर आत ओढला जाऊन इतकी वर्षं या डब्यात साठत होता. काखेत कळसा, म्हणतात ना. निघणारच होता कधीतरी, पण त्यानं नेमका हाच उन्हाळा गाठला.

अप्पांनी मूठ मिटली. माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे बोलू नकोस. आम्ही पंख्याचे स्क्रू काढले. पंखा खाली घेतला तसा ढीगच पडला. वरचा कोरडा, आणि आतल्या गार नळ्यांच्या जाळीला चिकटलेला काळा, ओला, कुजलेला थर. हवेला वाटच नव्हती. अप्पांनी टॉवेल पसरून सगळं त्यात घेतलं आणि गाठ मारायला लागले.

"काय लपवून राहिलात अवं?" बाजेवरून अव्वा.

"कचरा हाय."

"कचरा टावेलात बांधतेत व्हय? आना इकडं."

अप्पा जागचे हलेनात. मला तो क्षण अजून दिसतो. मळलेल्या हातांनी ते टॉवेल छातीशी धरून उभे होते. तिच्याजवळ देह उरला नव्हता, झोप उरली नव्हती. उरलेलं एवढंसं होतं, आणि ते आपल्याच हातानं काढून घ्यावं लागणार होतं. अप्पा गेले आणि त्यांनी टॉवेल तिच्या मांडीवर उघडला.

तिनं बोटांनी पाला चाळला. ते अख्खं पान उचललं, उन्हाकडं धरलं. मिल बंदच होती. कुठलातरी कावळा ओरडत होता.

"मला वाटायचं, तो घेऊन राहिला," ती म्हणाली.

"घेतलंच की," अप्पा म्हणाले. "रस्त्यावर पडू दिलं का एक तरी?"

"उगं लबाड बोलू नका." मग ती गाडीकडं बघत राहिली. "गाडीनं खाल्लं सगळं. अन् मी साऱ्या गावाला सांगत सुटले, उदगीरपतोर!" आणि ती हसायला लागली. हसता हसता धाप लागली, मी पाठ चोळली, तरी हसतच होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कशाचं होतं हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता ठरवायचंही नाही. शांत झाल्यावर तिनं सांगितलं, "टाकू नका. त्याच झाडाच्या बुडाशी नेऊन घाला. आनि पंखा बसवा लवकर, अंग पेटून राहिलं माझं."

दातांच्या जुन्या ब्रशनं मी ती जाळी पुसून काढली. पाणी निघून जायची खालची नळीही त्याच पाल्यानं तुंबली होती, अप्पांनी ती तारेनं मोकळी केली तशी काळं पाणी भळभळ वाहिलं. पंखा बसवला, किल्ली फिरवली. हवेचा असा झोत आला की समोर अडकवलेली जपमाळ हलायला लागली. अव्वाला आत बसवलं. तिनं दोन्ही हात उघडे करून हवेपुढं धरले, आणि थोड्या वेळानं तिची मान कलली. अप्पा बाहेर दाराशी उकिडवे बसले. गाडीच्या खाली स्वच्छ पाण्याचे थेंब पडत होते. ते बघत ते म्हणाले, "चालू झाला बग." मी हो म्हटलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पण मी ते थेंब बघत त्यांच्या शेजारी बसून राहिले.

त्यानंतरच्या सगळ्या दुपारी ती झोपली. सलग, गाढ. त्या दुपारी आम्ही तिला देऊ शकलो एवढं मला आजही पुरतं. लोकांना मी सांगते की मला एसी सोसत नाही. खोटं आहे ते. सोसतो, आवडतोही. हवा अंगावर आली की आधी बरं वाटतं आणि मग बरं वाटल्याचा राग येतो.

शेवटच्या दुपारी मी तिच्या शेजारी ड्रायव्हरच्या सीटवर मांडीवर ताट घेऊन हुलगे निवडत होते. ती नेहमीसारखी पाय वर घेऊन, मांडी घालून बसली होती. एकदा म्हणाली, "पंखा जरा कमी कर. साकु." तिच्या माहेराकडं कानडीत पुरे म्हणायला साकु म्हणतात. मी कमी केला. मग ती झोपली. मी हुलगे निवडत राहिले. मध्ये एकदा तिचा हात हातात घेतला, गार होता. मला बरं वाटलं. आगीचा एवढा भडका सोसलेला हात गार लागतोय म्हणून तो तसाच धरून मी बसून राहिले, किती वेळ ते माहीत नाही. अप्पा पेट्रोलचा कॅन घेऊन आले, काचेतून आत बघितलं, आणि कॅन खाली ठेवला. त्यांनी तिच्या बाजूचं दार उघडलं नाही. मागच्या दारानं आत येऊन ते तिच्या मागच्या सीटवर बसले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मला कळलं. मला रडू आलं नाही. मी हुलग्यांचं ताट डॅशबोर्डवर ठेवलं, सांडू नये म्हणून.

शेजारचे विश्वनाथकाका, म्हणजे अप्पांचे चुलतभाऊ, आले. त्यांच्यामागून चारदोन माणसं आली. आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत, बसवतात, आणि बसवूनच मातीत नेतात. अंग ताठ व्हायच्या आत ते करावं लागतं, त्याची धावपळ असते. काकांनी वाकून तिची घातलेली मांडी बघितली आणि हळूच म्हणाले, "वैनीनं तेवढाबी त्रास ठिवला न्हाई." मग त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून कंबरेला बांधला, दोघांना पुढं बोलावलं आणि दाराच्या कडीला हात घातला. "दादा, भाईर घेऊ आता. आंगूळ घालायची हाय."

अप्पा मागच्या सीटवरूनच बोलले, नेहमीच्या आवाजात. "थांबा जरा. ऊन लई हाय. तिला सोसत नाही."

काकांनी कडीवरचा हात काढला. माणसं मागं सरली आणि आम्ही सगळे कडुलिंबाखाली ऊन उतरायची वाट बघत उभे राहिलो. गाडी चालूच होती.